पियानोशेजारचा तबला

मुलांनो, समजा, तुम्ही पियानोसमोरच्या स्टुलावर बसला आहात. पाय जेमतेम जमिनीला टेकतात. हात पट्ट्यांवर ठेवणार, इतक्यात शेजारी कुणीतरी तबला आणून ठेवतं आणि हातोडीनं ठोकून लावायला लागतं. तुम्हाला काय वाटेल?

मंगलाला राग आला. तिनं वळून पियानो शिकवणाऱ्या शारदाबाईंकडे पाहिलं. राग त्यांनाही आला होता, पण त्यांनी शांतपणे विचारलं, हे कशासाठी?

तबलजी कचरू ओशाळले. "मला काय मालूम, बाईजी. प्रतापरावजींनी बुलावलं, म्हणून आलो. बोले, मुलीची संगत करायची आहे."

प्रतापराव म्हणजे मंगलाचे वडील. त्यांचे पूर्वज होळकरांच्या दरबारी नोकरीला होते. आता दरबार नव्हता, नवा मध्य प्रदेश झाला होता, कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या. प्रतापरावांकडे उरलं होतं ते गणेशोत्सव मंडळाचं अध्यक्षपद. यंदा भोपाळहून एक मोठे अधिकारी येणार होते, आणि त्यांच्यासमोर मंगलानं पियानोवर सोनाटा, म्हणजे अनेक भागांची एक पाश्चात्त्य रचना, वाजवायचा होता. मंडपात आजवर जे जे गाणं झालं, ते तबल्यासह झालं, आणि शेवटाकडे लय चढत गेली. तेव्हा याचंही तसंच व्हावं, यात प्रतापरावांना काहीच वावगं दिसत नव्हतं.

शारदाबाईंचे वडील महूच्या छावणीत पलटणीच्या बँडमध्ये होते. तिथल्याच जुन्या पियानोवर बाई शिकल्या. मुलांना शिकवताना त्या घाई करत नसत. सोनाट्याच्या या भागावर एक इटालियन शब्द छापलेला होता, 'आंदान्ते'. म्हणजे चालत्या गतीनं. कुणाच्या चालीनं, असं मंगलानं विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, तुझ्या. मग त्यांनी थेट मधलं पान उघडलं. तिथं बारीक सुरांची गर्दी होती. हे गुणगुणत खोलीत चाल, त्या म्हणाल्या. एकही सूर न गिळता जितक्या वेगानं म्हणता येईल, तितक्याच वेगानं पहिलं पान सुरू करायचं. सुरुवात सोपी दिसते म्हणून माणूस पळत सुटतो आणि मधे पडतो. शिवाय भादव्याच्या ओलीनं पट्ट्या जड झाल्या होत्या. दाबलेली पट्टी वर यायला वेळ घेई. तेवढा वेळ तिला द्यावाच लागे.

आणि आता हा तबला.

प्रतापराव आले आणि त्यांनी हातानं ताल दाखवला. कचरूंनी ठेका धरला. मंगला त्याच्यामागे धावली. मधल्या पानावर एक पट्टी खालीच राहिली, पुढचे सूर एकमेकांत घुसले. तिचे कान लाल झाले.

"घाबरते आहे, बस," प्रतापराव म्हणाले. "दो-चार बार वाजवलं की बसेल. कचरू भिया, लय थोडी और चढवा."

बाईंनी पट्टी बोटानं उचलून दाखवली, हवेचं कारण सांगितलं, 'आंदान्ते'चा अर्थ सांगितला. प्रतापराव ऐकत होते ते खिडकीबाहेर बघत.

"लोक जांभया देतील हो, बाई. मैफल काय असते ते आम्ही दरबारात पाहिलं आहे. तुम्ही पाहिला तो बँड."

कचरूंनी मान खाली घातली.

"बँडमध्ये सगळ्यांना एका पावलानं चालावं लागतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "हे तसं नाही, प्रतापरावजी. इथली चाल हिची आहे. ती तुम्ही ठरवायची नाही. मीही नाही."

"तर मग उद्यापासून येऊ नका."

प्रतापरावांनी हे मंगलासमोरच सांगितलं. बाईंनी छत्री घेतली. मंगलाच्या खांद्याला हात लावून त्या एवढंच म्हणाल्या, "मधलं पान," आणि निघून गेल्या.

त्यानंतरचे दिवस मंगला रागानंच वाजवत होती. वडील खोलीत असले की वेगानं, आणि ते बाहेर गेले की चालत.

उत्सवात सियागंज बाजारातल्या हमालांनी पियानो हातगाडीवरून मंडपात आणला. संध्याकाळी अधिकारी पहिल्या रांगेत बसले. शारदाबाई आल्या होत्या. मागे, दोरीपलीकडे, बायकांमध्ये उभ्या होत्या. मंगलाला त्या दिसल्या.

ठेका सुरू झाला, जलद. मंगलानं त्याच्याबरोबर सुरुवात केली. लोक माना डोलावू लागले, प्रतापराव मांडीवर ताल धरू लागले. मधलं पान आलं. तीच पट्टी खाली अडकली आणि सूर वाजलाच नाही. कुणालाही ते कळलं नाही. माना डोलतच होत्या.

मंगलानं हात उचलले.

तबला थोडा वेळ एकटाच धावला आणि थांबला. बाजूनं वडिलांचा दबलेला आवाज आला, वाजव. तिनं तिकडे पाहिलं नाही.

"कचरूकाका," ती म्हणाली, "तुम्ही आता नुसतं ऐका."

कचरूंनी एकदा प्रतापरावांकडे पाहिलं, आणि दोन्ही हात तबल्यावरून उचलून मांडीवर ठेवले.

मंगला स्टुलावरून उतरली. सगळ्यांसमोर, मधलं पान तोंडातल्या तोंडात गुणगुणत, ती स्टेजच्या टोकापर्यंत चालत गेली. तिथून वळून तशीच चालत परत आली, स्टुलावर बसली, पानं उलटून पहिल्यावर आणली, आणि त्याच पावलानं वाजवायला लागली.