बारीक आवाज

"जरा वहिनींना ऐकू द्या ना," गायनमास्तर म्हणाले, आणि स्पीकरवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दुकान त्याचं होतं. स्पीकरची पेटी त्याने दुरुस्त केली होती. बायको मागच्या खोलीत कॉइल गुंडाळायची, सोल्डरिंग करायची, पण पेटी ऐकून पास करायची ती त्यानेच. आणि आता हे मास्तर, कालच नेलेली पेटी परत घेऊन आले होते.

"मी ऐकलीय. ठीक आहे," तो म्हणाला.

"अहो, 'स' आला की कानात सुई टोचल्यासारखं होतं. मुली गायच्या थांबतात."

बायको हात पुसत बाहेर आली. पेटीवर लावलेल्या गाण्याची एक ओळ ऐकली नाही तोच म्हणाली, "छोट्या स्पीकरचा रेझिस्टर काढलाय."

मास्तरांचा चेहरा असा खुलला की स्पीकरवाल्याच्या पोटात दुखलं. तिने रेझिस्टर बसवून दिला आणि मास्तर तिचे आभार मानत गेले. त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली.

पेटीत दोन स्पीकर असतात. मोठ्याकडे जाडे आवाज जातात, छोट्याकडे बारीक. कॉइल बारक्यांना मोठ्याकडे जाऊ देत नाही, कपॅसिटर जाड्यांना छोट्याकडे फिरकू देत नाही. छोटा फार किंचाळू नये म्हणून त्याच्या वाटेत एक रेझिस्टर. हे सगळं लग्नानंतर त्यानेच तिला शिकवलं होतं. त्याची विद्या त्याच्याच घरात त्याच्यावर उलटली होती.

"पेटी मंद वाजत होती म्हणून काढला," तो म्हणाला.

"हं."

"हं काय? नव्हती वाजत मंद?"

ती सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक पुसत बसली. "आधीच्या पेट्यांचे रेझिस्टरही मीच परत बसवले," ती हळूच म्हणाली. "ही तेवढी राहिली. मी बहिणीकडे गेले होते ना."

म्हणजे गिऱ्हाइकं 'तुमच्या कानाला तोड नाही' म्हणत होती, तेव्हा ही आत बसून ऐकत होती. चोरी उघड झाल्यावरही तिच्या तोंडावर अपराधाचा मागमूस नव्हता, याचाच त्याला जास्त राग आला. परका कोणी वरचढ ठरला असता तर दोन शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. बायकोचा हेवा करायचा म्हणजे तिच्याच हातचं जेवून करायचा.

"बस इथे," तो म्हणाला. "भिंतीकडे तोंड कर. आवाज येतोय तोवर हात वर."

"अहो, कशाला?"

"बस म्हटलं ना."

त्याने हवा तेवढा उंच सूर काढणारा ऑसिलेटर पेटीला जोडला आणि खुंटी फिरवू लागला. सूर चढत गेला, शिट्टीसारखा झाला, केसासारखा झाला. काटा आठ हजार हर्ट्झच्या जरा पुढे सरकला आणि त्याच्यापुरता सूर संपला. तिचा हात वरच होता.

नऊ हजार. दहा. हात वर. बारा हजारांनाही वरच. आता पकडली, त्याला वाटलं. उगाच मिरवतेय. जी गोष्ट नाहीच, ती हिला कुठून ऐकू येणार?

त्याने श्वास रोखला आणि खटका न वाजू देता आवाजाची खुंटी सावकाश शून्यावर आणली. त्याच्यासाठी खोलीत काहीच बदललं नाही.

तिचा हात खाली आला.

"बंद केलंत?" तिने भिंतीकडे बघतच विचारलं.

ती वळली. त्याचा चेहरा पाहून तिला सगळं कळलं असावं, कारण ती उठून त्याच्याजवळ आली नाही.

"फार काही गोड नसतो हो तो आवाज," ती म्हणाली. "डासासारखा असतो नुसता."

तेवढा डासही तिच्याच वाट्याला गेला याचं त्याला वाईट वाटलं. मग लाजही वाटली, पण हेवा काही गेला नाही.

"फिर परत," तो म्हणाला.

ती भिंतीकडे वळली. त्याने आवाजाची खुंटी कणाकणाने वाढवली आणि तिच्या हाताकडे बघत राहिला. बराच वेळ काही झालं नाही. मग हात हळूच वर गेला. आवाज आला होता तर.