फुटलेल्या नळीवरची नक्षी

"त्याच्या हातात काही देऊ नका हं, फोडून ठेवेल!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. धाकट्या भावाची ही थट्टा ती अकरा वर्षं करते आहे. मेहुणा नेहमीसारखा हसला आणि डावा हात त्यानं टेबलाखाली घेतला. त्या हाताला दोनच बोटं उरली आहेत.

टेबलावर त्याची जुनी दहा बोअरची दुनळी बंदूक होती, एक नळी फुटलेली. संग्रहालयाला ती हवी होती आणि माहितीच्या चिठ्ठीवर नळीचं पोलाद कोणतं ते लिहायचं होतं.

"तुम्ही सांगाल ते लिहितो, भाऊजी. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

मला तोंड लपवावंसं वाटलं.

जुन्या बंदुका जमवण्यात माझा जन्म गेला. एकसंध पोलादाची नळी आजचं जोरकस काडतूस सोसते. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून जोडलेली नळी जुन्या काळ्या दारूपुरतीच. वरून काळा रंग दिला की दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून नळीखालचं पुढचं लाकूड काढायचं, त्याखाली बोटभर जागा घासायची, आम्ल लावायचं. नळी वळलेली असेल तर नक्षी उमटते. दहा मिनिटांचं काम. पण अकरा वर्षांपूर्वी त्यानं ही बंदूक मला दाखवायला आणली, त्या दिवशी चार संग्राहक मित्र बसले होते आणि मला मिजास दाखवायची होती. नखानं नळी वाजवली, कान लावला आणि सांगून टाकलं, "एकसंध आहे. खुशाल उडव."

आठवड्यानं ती त्याच्या हातात फुटली. काडतुसं तो घरीच भरायचा, तेव्हा दारूचं माप चुकलं असं सगळ्यांनी ठरवलं. त्यानंही. फाटलेल्या कडेला सुटलेले पट्ट्यांचे पदर मी त्याच दिवशी पाहिले होते. आज बोलू, उद्या बोलू करत राहिलो, दुसरं काय.

आज मी लाकूड काढलं, जागा घासली, आम्ल लावलं. हळूहळू राखाडी वेटोळी उमटली. फार सुरेख होती, मेली.

तो वाकून बघत होता. "भाऊजी, ही तर वळलेली नळी."

"हो. तेव्हा मी तपासलीच नव्हती. उगाच शहाणपणा केला. नंतर कळलं, तरी तोंड उघडलं नाही."

त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. नक्षीवरून नजर न काढता त्यानं विचारलं,

"म्हणजे माझं माप बरोबर होतं?"

"अगदी बरोबर."

"मला वाटायचंच," तो पुटपुटला. "पण कुणाला सांगणार?"

बायको चहा घेऊन आली. "दोन्ही हातांनी धर रे, नाहीतर तोही—"

"थांब," मी म्हणालो. "बस जरा. तुला काहीतरी सांगायचंय."

"राहू द्या, भाऊजी."

"नाही."

आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत ती बसली. मेहुण्यानं डावा हात टेबलाखालून काढला आणि कपाशेजारी ठेवला.