तुळसाने सांगितलेला नंबर

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे, दवाखान्यातला. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये मला तीन लोखंडी चौकटी, हिरवं कापड आणि चार चाकं मिळाली. त्यातलं एक चाक पहिल्या दिवसापासून कुरकुरतं. कल्याणच्या बाजारामागे एका सरकारी दवाखान्यात, तपासणीच्या टेबलाशेजारी मी बावीस वर्षं उभा राहिलो.

बाहेर "काही नाही, जरा कणकण आहे" म्हणणाऱ्या बायका माझ्याआड आल्या की खरं दुखणं सांगत. नीला सिस्टरांची एक पद्धत होती. त्या प्रत्येकीला हळूच विचारत, "निरोप कुणाकडे देऊ?" कुणी नणंदेचा नंबर देई, कुणी शेजारणीचा. सिस्टर तो लाल वहीत लिहून ठेवत. बाजारात कांदे निवडणाऱ्या तुळसाकडे स्वतःचा फोन नव्हता. ती म्हणाली, "रंभाचा लिहा. आम्ही एकाच गाळ्यावर असतो. ती मला हाताला धरून आणेल."

मग सुधारणा आली. वही गेली, कॉम्प्युटर आला. रिपोर्ट आता थेट मोबाईलवर जाणार होता आणि त्यासाठी कुटुंबप्रमुखाचाच नंबर लागे. त्याच सुमारास आरोग्य खात्याच्या दर्शना मॅडम महिलांचं मत ऐकायला येणार असल्याचं कळलं. "अगं, हे नंबरचं सभेत सांग," सिस्टर तुळसाला म्हणाल्या. तिने मान डोलावली.

सभेत मला मधोमध उभं केलं आणि माझ्यावर बॅनर टाचला: 'महिलांचे आरोग्य, महिलांचे मत'. इतका मान मला कधी मिळाला नव्हता. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत मी आहे, फक्त दिसत नाही. पुढच्या रांगेत गल्लीतली पुरुष मंडळी बसली होती, त्यांत तुळसाचा नवरा प्रभाकर आणि तिचे मोठे दीर. तुळसा उठली. तिने पदर सावरला, दिरांकडे पाहिलं. "पिण्याचं पाणी ठेवा मॅडम," एवढंच बोलून ती खाली बसली. मॅडमनी ते मनापासून लिहून घेतलं. महिन्याभरात फिल्टर बसला, हे मात्र खरं.

दिवाळीनंतर तुळसा माझ्याआड आली. छातीत गाठ होती. नमुना मोठ्या रुग्णालयात तपासायला गेला. ती परत आली ती थेट होळीनंतर.

"अगं, चार महिने होतीस कुठे?"

"तुम्ही बोलावलंच नाय सिस्टर. मला वाटलं, काय नसेल."

सिस्टरांनी कॉम्प्युटर पाहिला. मेसेज दोनदा गेला होता, प्रभाकरच्या फोनवर. तो बाहेर बाकावर बसला होता, त्याला आत बोलावलं.

"तो मेसेज होय?" तो म्हणाला. "त्यात लिंक होती ना. फ्रॉड असेल म्हणून डिलीट मारला. सगळेच सांगतात, लिंक उघडू नका म्हणून."

प्रभाकर वाईट माणूस नव्हता. तो फोन हातात धरून तसाच उभा राहिला. गाठ लिंबाएवढी झाली होती.

गणपतीत रंभा एकटीच आली. "तुळसा गेली," म्हणाली आणि बाकावर बसली. सिस्टरांनी कपाटातून लाल वही काढली. तुळसाच्या नावापुढे रंभाचा नंबर होता. त्यांनी वही मिटून परत ठेवली.

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. काहीच वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नाही. हल्ली मी जिन्याखाली असतो. माझ्यावर ओली फडकी वाळत घालतात, तीही जाणवत नाहीत.

पुढच्या महिन्यात पुन्हा सभा आहे म्हणे. मित्रांनो, माझं कापड धुवा, चाकाला थोडं तेल द्या, पण माझ्यावर बॅनर लावू नका. मला नुसतं उभं करा. बायका माझ्याआड बसून बोलतील, लिहिणाऱ्याने अलीकडे बसावं. आणि आज घरी गेलात की आईला विचारा, दवाखान्यात तुझ्या नावापुढे कुणाचा नंबर आहे? तुला कुणाचा हवा होता, तेही विचारा. उत्तर द्यायला तिला वेळ लागला, तर थांबा.