उजव्या गालाचा कौल

टिशू पेपरच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत बसणाऱ्या बाईला लहानथोर सगळे मावशी म्हणत. कागद किती ताण सोसतो हे सांगायला यंत्र होतं. ते ओली पट्टी चिमट्यांत धरून ओढायचं आणि पट्टी फाटली की आकडा दाखवायचं. कागद मऊ किती, हे मात्र मावशीच्या बोटांना विचारलं जायचं. डोळे मिटून ती कागदावर बोटं फिरवायची आणि "चालेल" नाहीतर "टोचतो" म्हणायची. तिच्या शब्दावर कागद बनवणाऱ्या मोठ्या यंत्राचं पातं सरकायचं.

त्या दिवसांत मालकांना दवाखान्यांसाठी असा कागद हवा होता, जो ओला होऊनही फाटणार नाही आणि आजाऱ्याच्या कातडीला टोचणारही नाही. बोलायला सोपं. लगद्यात लांब धागे वाढवले की कागद चिवट व्हायचा, पण पुठ्ठ्यासारखा लागायचा. आखूड धागे वाढवले की मऊ, आणि पाण्याचा थेंब पडला की त्याचा चिखल. फोरमन रोज नवा नमुना घेऊन यायचा, आणि दोघांचे चेहरे आदल्या दिवसापेक्षा जास्त उतरलेले असायचे.

एका दुपारी त्याने दोन नमुने शेजारी ठेवले. मावशीने एकावर बोटं फिरवली, मग दुसऱ्यावर. पुन्हा पहिल्यावर. दोन्ही सारखेच लागले. खरं तर काहीच लागलं नाही.

"काय हो?" फोरमनने विचारलं.

"उद्या सांगते. आज डोकं ठिकाणावर नाही."

डोकं ठिकाणावर होतं, बोटं नव्हती. सासरे अंथरुणाला खिळल्यापासून चादरी धुणं, फिनेल, गरम पाणी, पुन्हा चादरी. बोटांची टोकं सोलून निबर झाली होती. नमुने पिशवीत घालून ती घरी आली.

सासऱ्यांचं पूर्वी सलून होतं. आता डावं अंग गेलेलं, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची. लाळ पुसायला तिने सहज पिशवीतला एक नमुना काढला. उजव्या गालाला लागताच म्हाताऱ्याने तोंड वाकडं केलं.

"खर... खरखरीत," ते म्हणाले.

तिने दुसरा लावला. ते थोडं थांबले. "बरा. पण बरा म्हणजे नुसता बरा. चांगला नाही."

मावशी कितीतरी दिवसांनी हसली. जन्मभर दुसऱ्यांच्या गालांशी ज्यांचं काम, त्यांना कोण फसवणार? तेव्हापासून रोजचा नमुना घरी जाऊ लागला आणि निकाल दुसऱ्या सकाळी मिळू लागला. फोरमनला ते खटकलं असावं, पण विचारपूस करण्याइतकं त्राण त्याच्यातही उरलं नव्हतं. सासरे मात्र संध्याकाळची वाट पाहू लागले. "आण तुझा माल, सूनबाई," म्हणायचे आणि उजवा गाल पुढे करायचे. तिला मात्र आंबलेल्या पाठीने त्यांच्याजवळ बसणं हे आणखी एक काम झालं होतं.

शेवटी फोरमनने तीन पदर करून पाहिले. मधला लांब धाग्यांचा, बाहेरचे दोन आखूड. तापलेल्या रोलवरून कागद खरवडणाऱ्या पात्याचा कोनही बदलला, तशा कागदावर बारीक, दाट चुण्या पडल्या. यंत्राने चांगला आकडा दाखवला. मावशी नमुना घेऊन घरी गेली, पाण्यात भिजवून सासऱ्यांचा चेहरा पुसू लागली. कपाळ, नाक, उजवा गाल. शेरा येईना. तिने वाकून पाहिलं तर ते झोपी गेले होते. कागद हातात शाबूत होता.

सकाळी तिने फोरमनला सगळं सांगितलं. बोटांचंही.

तो स्टुलावर बसला. "म्हणजे इतके दिवस माझं पातं तुमचे सासरे हलवत होते?"

"हो. माझ्या हाताला आता कळत नाही. कुणी दुसरी बसवा इथे."

"मलाही यंत्राचा आवाज नीट ऐकू येत नाही," तो हळूच म्हणाला. "हात लावून बघतो, थरथरतंय का ते." मग उठला. "पॅकिंगमध्ये जागा आहे. पण तिथे उभं राहावं लागेल."

"राहीन."

कागद दवाखान्यांत गेला. तपासणीच्या खोलीत नवी बाई आली. मावशीने तिला डोळे मिटून कागद कसा चाचपायचा ते दाखवलं आणि स्वतः पॅकिंगमध्ये खोकी चिकटवायला उभी राहिली. सासऱ्यांना आता नमुने नव्हते, म्हणून ते चिडचिड करायचे.

असंच एका संध्याकाळी ती घरी येऊन दारातच बसली. पायांना गोळे आले होते. आत सासरे हाका मारत होते. नवऱ्याला बापाची लाळ पाहून कसंतरी व्हायचं, म्हणून तो या कामापासून लांबच असायचा; आज त्याने तिच्या पायांकडे पाहिलं आणि खुंटीवरचा पंचा ओढला.

"बस तू. मी पुसतो," तो म्हणाला आणि आत गेला.

आतून लगेच सासऱ्यांचा आवाज आला, "अरे, हळू! गाल आहे तो, भिंत नाही."

"सांगा ना मग कसं ते," नवरा म्हणाला.

म्हातारा सांगू लागला. मावशीने भिंतीला पाठ टेकली आणि चपलाही न काढता डोळे मिटले.