विहिरीवरचा भाला

मी भाला बोलतोय. जुने, मानाचे भाले किल्ल्यांत आणि संग्रहालयांत काचेआड उभे असतात, असं ऐकलंय. त्यांच्याकडे सांगायला लढाया असतात. माझ्याकडे लढाई नाही. एक दुपार आहे. ती सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि सांगताना वर बघवत नाही.

मी जन्मानं भाला नाही. पिशोरहून कन्नड, वेरूळ, खुलताबाद करत वाळूजला कामगार आणणारी एक शिफ्टची बस होती. तिच्या मागच्या चाकावर स्प्रिंगचे सात पोलादी पाटे एकावर एक आवळलेले होते. त्यातला तिसरा मी. खड्डा आला की आम्ही दबायचो आणि लगेच सावरायचो. वर कुणी डुलकी घेत असेल तर ती मोडू नये, एवढंच आमचं काम. नऊ वर्षं ते केलं. आमचं नाव कुणी घेतलं नाही, पण आम्हाला घाबरलंही कुणी नाही.

बसचे मालक नानासाहेब. वाळूजला कारखाने आले तेव्हा त्यांच्या वडिलांचं रान त्यात गेलं. मग नानासाहेबांनी बस घेतली आणि आपल्याच जुन्या रानात दुसऱ्यांना कामाला पोचवू लागले. माणूस वाईट नव्हता. एखादा कामगार उशिरा पळत आला तर बस थांबवून घ्यायचे.

यंदा होळी झाली आणि वीज गेली. पहिले चार दिवस लोक म्हणाले, लाईनमध्ये बिघाड असेल. मग फोन गेले. पंप बंद पडले, तसं जायकवाडीचं पाणी शहरात चढेना. टँकरला डिझेल मिळेना. कुणी म्हणे दूर कुठं लढाई झाली, कुणी म्हणे सूर्यातून काहीतरी आलं. खरं काय ते कुणालाच कळलं नाही. माणसं बोचकी घेऊन आपापल्या गावाकडं चालू लागली. ज्यांना जायला गाव नव्हतं, ती राहिली. आमची बस कंपनीच्या गेटवर उभी राहिली ती उभीच.

त्या कंपनीच्या भंगार-यार्डमागं लोखंडी झाकण होतं. गवतात दडलेलं, कुणाच्या लक्षात नसलेलं. नानासाहेबांच्या लक्षात होतं. त्यांनी चार जणांकडून ते उचलवलं. खाली विहीर होती. त्यांच्या आजानं खणलेली, दगडानं बांधलेली, तळाशी तीन पुरुष खोल पाणी. चोवीस कुटुंबं त्या आवारात राहायला आली आणि न सांगता, न ठरवता नानासाहेब त्यांचे प्रमुख झाले. रोज सकाळी ते गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडायचे. पाणी किती खाली गेलं ते सगळ्यांना सांगायचे. ते सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

आधी माणसं गेटवर हात जोडून यायची. मग एक दिवस दहा-बारा जणांनी गेट ढकललं, रहाटाचा दोर तोडला आणि बादली पळवली. दोन जणांची डोकी फुटली. त्याच दिवशी नानासाहेबांनी पुंडलिकला बोलावून घेतलं.

पुंडलिक त्या कंपनीतला फिटर. खुलताबादजवळच्या खेड्यातला. आई मुक्ताबाई आणि बायको रत्नमाला यांच्यासोबत तो प्रेस शॉपच्या एका कोपऱ्यात राहायचा. मुक्ताबाईनं घरून निघताना दोनच गोष्टी आणल्या होत्या, एक तांब्या आणि बाबासाहेबांचा फोटो. फोटो तिनं बंद पडलेल्या प्रेस मशीनवर टांगला होता. नानासाहेबांनी पुंडलिकला विचारलं, भंगारातून काही हत्यारं होतील का.  पुंडलिक म्हणाला, बसचे पाटे चांगल्या पोलादाचे असतात.

अशी माझी निवड झाली.

वीज नव्हती, म्हणून वेल्डिंग नव्हतं, ग्राइंडर नव्हता. पुंडलिकनं जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी केली. सायकलच्या चाकावर पट्टा चढवून त्यावर पंखा फिरवला, तोच भाता. मालाच्या लाकडी फळ्या जाळून कोळसा केला. साच्याच्या जड ठोकळ्याची ऐरण झाली. मला भट्टीत घातलं, तांबडं केलं, राखेत पुरून मऊ केलं, हॅक्सॉनं कापलं, परत तांबडं केलं आणि ठोकलं. लोहार धारेला पाणी पाजतात. इथं पाणी पिण्यापुरतंच होतं, म्हणून मला इंजिनचं जळकं ऑईल पाजलं. पाइपाचा दांडा लावला, दोन बोल्ट आवळले. हातानं फिरवायच्या दगडावर धार काढली.

पुंडलिक पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगप्रमाणं तुकडे बनवत आला होता. पूर्ण स्वतःच्या डोक्यानं केलेली वस्तू ही पहिलीच. त्यानं मला टायरवर चालवून पाहिलं. मी आरपार गेलो. तो हसला. नानासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

लाज वाटते ती इथूनच. मलाही आवडलं होतं ते. नऊ वर्षं चाकाखाली दबून काढल्यावर कुणीतरी मला हातात उंच धरलं होतं. मी पहिला. माझ्या मागून आणखी दहा झाले. आम्ही गेटवर उभे राहिलो तसे लोक लांबूनच मागं फिरू लागले. माझ्याकडं बघून माणसाचे पाय थबकतात, हे मी रोज पाहायचो आणि मनातल्या मनात फुगायचो.

वैशाखातल्या एका सकाळी एक म्हातारी गेटवर आली. तिचं नाव भागूबाई. हे मला पुढं कळलं. पिशोरकडून नवऱ्याला घेऊन चालत आली होती. मुलगा वाळूजला कामाला होता, त्याला शोधायला. मुलाच्या खोलीला कुलूप होतं आणि परतीच्या वाटेवर म्हाताऱ्याला ऊन लागलं होतं. तिच्या हातात तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा होता. नानासाहेबांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं. एकाला दिलं तर उद्या शंभर येतील, असं ते म्हणाले. ते बोलताना त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. परत तोच नकार.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी पहारा पुंडलिकचा होता. बाकी सगळे शेडच्या सावलीत पडले होते. कंपाउंडच्या पडक्या कोपऱ्यातून भागूबाई आत आली होती आणि विहिरीतून डबा भरून परत निघाली होती. पुंडलिकनं तिची वाट अडवली. मी तिच्याकडं रोखलेला.

डबा ठेवा खाली, असं त्यानं सांगितलं. तिनं ठेवला नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"माझा माणूस तापलाय रे बाबा," ती म्हणाली. "तळव्याला हात लावला तर चटका बसतो. एवढं नेऊ दे. पुन्हा येणार नाय."

पुंडलिकनं दांड्यावरची पकड दोनदा बदलली.  त्याला ओरडायचं नव्हतं आणि सोडायचंही नव्हतं. तिनं एक पाऊल टाकलं. त्यानं मला पुढं केलं, फक्त भीती दाखवायला. पण धार फार चांगली लागली होती. मी डब्यात शिरलो, टायरमध्ये शिरलो होतो तसाच, अडखळलो नाही. त्यानं घाबरून मला ओढलं, तसा डबा खालपर्यंत चिरला आणि सगळं पाणी मातीत गेलं.

भागूबाई रडली नाही. शिवी दिली नाही. खाली बसली. लुगड्याचा पदर तिनं ओल्या मातीवर पसरला आणि तळहातानं दाबला. मग उलटा करून परत दाबला. जेवढं पाणी पदरात आलं तेवढं घेऊन त्याचा बोळा केला, मुठीत धरला आणि उठली.

"आता तरी जाऊ देशील ना?" तिनं विचारलं.

पुंडलिक बाजूला झाला.

संध्याकाळी नानासाहेबांनी विचारलं, दुपारी काय गडबड झाली. कुणाला लागलं का? पुंडलिक म्हणाला, नाय, डबा फुटला फक्त. नानासाहेब शाब्बास म्हणाले. अशानंच जरब बसते, असंही म्हणाले. मग कुणीतरी तेलाच्या फडक्यानं मला पुसलं. मला पाणी लागलं होतं ना, गंज चढू नये म्हणून.

त्या दिवशी पुंडलिकला भाकरी गेली नाही. रत्नमालानं खोदून विचारलं तेव्हा त्यानं आईसमोर सगळं सांगितलं. मी तिथंच भिंतीला टेकलेला होतो.  मुक्ताबाईनं लहानपणी गावच्या विहिरीपासून लांब, रिकामी घागर घेऊन दिवसचे दिवस काढले होते. कुणाला दया आली तर वरून ओतायचं, नाहीतर बसून राहायचं.

"आपल्याला वरून वाढत व्हते पाणी, पुंडलिका," ती म्हणाली. "शिवू देत नव्हते, पण वाढत व्हते. तू सांडलंस."

एवढं बोलून तिनं भरलेला तांब्या उचलला, रत्नमालाच्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. त्या विहिरीचं पाणी तिनं त्या रात्री तोंडाला लावलं नाही.

सकाळी पुंडलिक आपल्या घरच्या वाटणीचं पाणी दोन डब्यांत घेऊन निघाला. वाट धोक्याची म्हणून मला खांद्यावर घेतलं. मला न्यायला नको होतं.

ती सापडली रस्त्याकडेच्या एका बंद हॉटेलच्या पडवीत. म्हातारा आडवा होता आणि त्याच्या तोंडावर तोच पदर फाडून टाकलेला होता. मातीचा डाग वाळला होता. भागूबाईनं पुंडलिकच्या आधी मला ओळखलं.

"आज काय फोडायला आलास?"

पुंडलिकनं डबे खाली ठेवले. पाणी आणलंय, एवढंच त्याला बोलता आलं. तिनं सांगितलं, ते पहाटेच गेले. मग एका डब्यातून ओंजळभर घेऊन तिनं नवऱ्याचं तोंड धुतलं, कानामागची धूळ काढली. ते झाल्यावर स्वतः दोन घोट प्याली.

सरणाला लाकूड नव्हतं. आसपासचं सगळं लाकूड चुलींत गेलं होतं आणि आमच्या भट्टीत. माती द्यायचं ठरलं. पण पुंडलिककडं ना कुदळ होती ना पहार. मीच होतो. त्यानं मला टोक खाली करून मुरमात घातलं. हातभर खोल गेल्यावर दगड लागला. तो जोर लावत राहिला आणि माझं टोक वाकलं. तरी त्यानं मला थांबवलं नाही. दुपारपर्यंत खड्डा झाला. ज्याला मी पाहिलंही नव्हतं, ज्याच्या अंगाला मी लागलोही नव्हतो, त्या माणसाची जागा मी खणली. त्याचं नाव कडुबा. भागूबाईनं माती लोटताना ते एकदाच घेतलं.

मग पुंडलिक तिला घेऊन आवारात आला. गेटवर त्याला अडवलं. नानासाहेब आले, बाकीचीही माणसं जमली. पुंडलिक मान खाली घालूनच बोलला.

"काल मी सांगितलं, कुणाला लागलं नाय. खोटं होतं ते. माणूस मेलाय."

नानासाहेब म्हणाले, तू काय मुद्दाम केलं नाहीस. पाणीच तेवढं आहे. गेट उघडलं तर आपली लेकरंबाळं उद्या अशीच मरतील. विहीर माझ्या आजानं खणली ती असं मरायला नाही. ते चुकीचं बोलत नव्हते. दोरीवरच्या गाठी सगळ्यांनी मोजल्या होत्या.

तेव्हा भागूबाई बोलली.

"आमचं माणूस जन्मभर विहिरीच खांदत व्हतं, साहेब. मी वर टोपली ओढायचे. पाणी लागलं की मालक पहिली ओंजळ खांदणाऱ्याला द्यायचा. तुमच्या आजानंबी दिली असंल."

 नानासाहेबांच्या आजानं विहीर खणली म्हणजे काही स्वतः खाली उतरून खणली नव्हती. हे त्यांनाही माहीत होतं. मुक्ताबाई शेडमधून हळूहळू चालत आली आणि गेटच्या बाहेर जाऊन भागूबाईशेजारी बसली. पाठोपाठ रत्नमाला. मग आणखी दोघी. उन्हात बसल्या. नानासाहेब तासभर उभे राहिले आणि मग स्वतः बादली घेऊन विहिरीकडं गेले.

त्या दिवसापासून सकाळी गेट उघडतं. येईल त्याला एक तांब्या मिळतो, आणि तो तांब्या आतल्या माणसांच्या वाटणीतून जातो. सगळं गोड झालं असं समजू नका. दोन कुटुंबं रागानं निघून गेली. एकदा रांगेत मारामारी झाली. पाणी खाली चाललंय आणि आषाढ अजून लांब आहे. पुरेल की नाही ते नानासाहेबांनाही सांगता येत नाही. बाकीचे दहा भाले अजून गेटच्या मागं ठेवलेले आहेत. ते मोडा, असं नानासाहेबांनी म्हटलं नाही.

मी विहिरीच्या कठड्याला टेकून आहे. भागूबाई रोज इथंच बसून तांब्या भरून देते. मुलाची खबर लागलेली नाही. माझ्यावरून तिची नजर जाते, पण थांबत नाही. तिनं मला कधी हात लावला नाही आणि पुंडलिकला माफ केलं असंही कधी म्हटलं नाही. पुंडलिकनंही माफी मागितली नाही. तो फक्त रोज रहाट ओढतो.

परवा नानासाहेब त्याला म्हणाले, अरे, तेवढं टोक सरळ करून ठेव, वेळ सांगून येत नाही. पुंडलिक नाही म्हणाला.

उद्या दुसरं कुणी म्हणेल. माझं पोलाद अजून चांगलं आहे, धारही बरीच शाबूत आहे, आणि मला स्वतःला मी पुरता ओळखतो. हातात उंच धरलं की मी परत फुगेन. म्हणून तुम्हाला विनवतो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी कधी इथं आलात, तहानलेले असाल तर पाणी प्या, बसा. मला उचलू नका. आणि उचललंच, तर हातोडा मारून सरळ करू नका.