जावईबापूंचा सत्कार

जावईबापू पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत, त्यामुळे पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा पक्का समज होता. सासरच्या मंडळींनी डोंगरातल्या नदीवर राफ्टिंगला जायचं ठरवलं, तेव्हा पुढारीपण आपोआप त्यांच्याकडे आलं. म्हणजे त्यांनी ते घेतलं. पंधरा दिवस ते सोफ्यावर बसून फरशी पुसायच्या मॉपने वल्हं मारायचा सराव करत होते. बायको येऊन म्हणायची, "नदी जरा थांबव, मला स्वयंपाकघर पुसायचंय."

आत्यांना न्यायला त्यांचा विरोध होता. आत्या म्हणजे बायकोच्या वडिलांची बहीण. वय अठ्ठावन्न, एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात तीस वर्षं कामाला.

"वय झालं त्यांचं. माझं अर्धं लक्ष त्यांच्याकडेच जाईल," जावईबापू म्हणाले.

"मग उरलेलं अर्धं वल्ह्याकडे ठेव," बायको म्हणाली, आणि आत्या आल्या.

नदीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाईडने सगळ्यांना लाइफ जॅकेटं चढवली, पट्टे आवळले. त्याची पाठ वळताच जावईबापूंनी आपले पट्टे सैल केले. छाती फुगवायला जागा हवी होती. हेल्मेटवर त्यांनी स्वतःचा कॅमेरा बसवला होता. गाईड सांगत होता, कुणी पाण्यात पडलं तर त्याच्या जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरायचे आणि मागे रेलून आत ओढायचं.

"मशीनमधून ओलं ब्लँकेट काढतात तसं?" आत्यांनी विचारलं.

"अगदी तसंच."

"हे सगळं मला ठाऊक आहे," जावईबापू म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

नदी दगडांवरून उसळत उतरते त्या जागेला तिथे रॅपिड म्हणतात. पहिला रॅपिड सुखरूप पार पडला. दुसऱ्याच्या तोंडाशी गाईडने सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. जावईबापू उभे राहिले. कॅमेऱ्यात लाट नीट यायला हवी होती. राफ्ट उजवीकडे गेली, जावईबापू डावीकडे.

आत्यांनी वाकून त्यांच्या जॅकेटचे पट्टे धरले. जॅकेट तेवढं कानांपर्यंत वर आलं, जावईबापू खालीच राहिले. मग आत्यांनी सरळ त्यांचं मनगट धरलं, राफ्टच्या कडेला पाय रोवले आणि मागे रेलल्या. जावईबापू थेट त्यांच्या मांडीवर येऊन पडले. "आत्या, मला सोडू नका," ते म्हणत होते. आत आल्यावरही बराच वेळ म्हणत होते. शांत पाणी लागल्यावर गाईडने आत्यांच्या हातावरची त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

सोमवारी सोसायटीच्या ग्रुपवर चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आला. कॅमेरा जावईबापूंच्याच डोक्यावर असल्यामुळे ते स्वतः त्यात कुठेच नव्हते. उसळतं पाणी होतं, एकमेकांत अडकलेले दोन हात होते आणि आत्यांचा ताणलेला, डोळे विस्फारलेला चेहरा होता. आवाजाच्या जागी ढोल होते. खाली लिहिलं होतं : संकटात हात सोडायचा नसतो.

संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष घरी आले. "आत्यांना वाचवलंत. कमाल केलीत."

"कुणीही हेच केलं असतं," जावईबापू नम्रपणे म्हणाले. बायको चहा ओतत होती, तो बशीत गेला.

अध्यक्ष गेल्यावर ती म्हणाली, "खरं काय ते सांग ना लोकांना."

"एवढ्या लोकांना कुठे समजावत बसू? आणि त्यात आत्यांचंही नाव होतंय."

पुढच्याच शनिवारी सत्कार ठरला. हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, जावईबापूंच्या खांद्यावर शाल आली आणि दोन शब्द बोलायला आत्यांना माइकवर बोलावलं. बायकोने आधीच फोनवर सांगितलं होतं, "आत्या, तू भीड धरू नकोस." आत्यांनी ती धरली नाही.

"जावईबापूंनी माझा हात धरला तो धरलाच," त्या म्हणाल्या. "पाण्यातून वर आल्यावरही सोडेनात. शेवटी गाईडने त्यांची बोटं सोडवली. तोंडाने एकच, आत्या, मला सोडू नका. हे बघा, अजून वळ आहेत."

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. किती ती माया, असं कुणीतरी म्हणालं. जावईबापू स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"आता यांच्यासारखा माणूस आपल्यात असताना घाबरायचं कशाला?" आत्या पुढे म्हणाल्या. "पुढच्या रविवारी सगळ्यांना न्या की, जावईबापू."

टाळ्या पडल्या आणि हॉलमध्येच बावीस नावं लिहून झाली.

त्या आठवड्यात जावईबापूंची कंबर धरली, मग कान दुखू लागला, मग सर्दी झाली. अध्यक्षांनी प्रत्येक दुखण्यावर एकेक औषध पाठवलं आणि बसही ठरवली. गुरुवारी जावईबापू धुलाईघरात पोचले. वाफेत, चादरींच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत त्यांनी आत्यांना गाठलं.

"आत्या, तुम्हीच सांगा ना त्यांना."

"काय सांगू?"

"जे झालं ते."

"ते तर मी माइकवर सांगितलं. कुणी ऐकलंच नाही, त्याला मी काय करू?" आत्यांनी पुढची ट्रॉली ओढली. "तुम्ही सांगून बघा. तुमचं ऐकतील."

जावईबापूंनी सांगितलं नाही. रविवारी त्यांनी स्वतःची सुरक्षाप्रमुख म्हणून नेमणूक केली आणि गळ्यात शिट्टी अडकवून दिवसभर काठावरच्या एका कोरड्या खडकावर उभे राहिले. बावीसच्या बावीस माणसं आरडाओरडा करत त्यांच्यासमोरून गेली. त्यांच्या मागून एकट्याने वल्हवायच्या छोट्या होडीत, कायाकमध्ये, आत्या आल्या, दोनदा होडीसकट पालथ्या झाल्या, दोनदा सुलट्या झाल्या आणि नाकातलं पाणी शिंकरत पुढे गेल्या. जावईबापूंनी दोन्ही वेळा शिट्टी वाजवली.

परतताना बसमध्ये अध्यक्षांनी पुढच्या सहलीचा विषय काढला. लोक आत्यांच्या भोवती जमले होते. कायाक कुठे शिकलात, आम्हाला जमेल का, असं विचारत होते. जावईबापूंनाही काही सांगायचं होतं, पण शिट्टी फुंकून फुंकून त्यांचा घसा बसला होता. बायकोने त्यांना खडीसाखर दिली आणि म्हणाली, "राहू दे. आज तरी राहू दे."