काळ्याला म्हणे बंगारा

मांजराच्या पिल्लावर जळायची वेळ आपल्यावर येईल, असं सिद्धेश्वरीला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्या माणसाला बिनचहाचं घालवलं असतं. पण वेळ आली. आणि पिल्लू तिनंच आपल्या हातानं घरात घेतलेलं, त्यामुळं कुणाच्या नावानं बोटं मोडायचीही सोय नव्हती.

झालं असं, की शेजारची अंकिता मुकी जनावरं सांभाळणाऱ्या पोरापोरींच्या गटात होती. एके दुपारी ती खोका घेऊन दारात उभी राहिली. आत मांजराची तीन पिल्लं, दोन पिवळी आणि एक काळं. आई सात रस्ता चौकात गाडीखाली सापडलेली.

"काकू, तुमचं घर मोकळंच हाय की. थोडी मोठी हुईपर्यंत सांभाळा. मग आमी चांगली घरं बघून देतो."

घर मोकळं होतं हे खरं. मुलगा, मुलगी दोघंही पुण्याला. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. नवरा चनबसप्पा रंगाच्या दुकानातून दुपारी जेवायला यायचा, पण इतका कमी बोलायचा की माणूस घरात आलाय की नाही ते चपलांवरून ओळखायचं. सिद्धेश्वरीनं खोका घेतला. अंकिता दुधाची पावडर, बारीक सिरिंज, पाजायची रीत, सगळं समजावत होती. पण हिचं लक्ष कुठं?

"दोन पोरं वाढवलीत मी. मला काय शिकवतीस?"

आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. अंकिताची पाठ फिरताच सिद्धेश्वरीनं सिरिंज बाजूला सारली, कपाटातून आपल्या मुलांचं चांदीचं बोंडलं काढलं आणि पाय पसरून बसली. काळ्या पिल्लाला पायांवर उताणं निजवून, तान्ह्या बाळाला पाजतात तसं तिनं दूध तोंडात सोडलं. पिल्लू ठसकलं. नाकातून दूध आलं आणि मान लटकी पडली. चनबसप्पा समोरच जेवत होता. तो भरल्या ताटावरून उठला, पिल्लू उचलून पालथं धरलं आणि पाठ चोळत राहिला. शेवटी ते शिंकलं. चनबसप्पानं त्याला बंडीच्या आत छातीशी धरलं आणि उरलेलं जेवण डाव्या हातानं पिल्लू सांभाळत उरकलं.

संध्याकाळी अंकितानं काकूंचा मानपान न बघता झापलं. "काकू, मांजर हाय ते! पालथं ठेवून पाजायचं असतंय. पोरगं हाय व्हय ते, पायावर घ्यायला?"

बोंडलं परत कपाटात गेलं. पुढं सिद्धेश्वरीनं काही म्हणता काही कमी पडू दिलं नाही. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवायची, दूध मनगटावर थेंब टाकून बघायचं, पाजून झालं की ओल्या कापसानं एकेकाचं ढुंगण पुसायचं, कारण त्याशिवाय ती शू करत नाहीत. भाजी जोखायच्या काट्यावर पिल्लं जोखायची. पिवळी दोन तिच्या अंगावर चढायची. काळं मात्र तिची चाहूल लागली की खोक्याच्या कोपऱ्यात. चनबसप्पाची चप्पल दारात वाजली की तेच काळं ओरडून घर डोक्यावर घ्यायचं आणि त्याच्या मांडीवर बसून सिरिंजभर दूध घटाघटा संपवायचं. घाण काढायला मी, आणि लाड घ्यायला हे! आयत्या बिळावर नागोबा, ती भांडी आपटत म्हणायची.

एकदा दुपारी तिनं जे केलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याची न धुतलेली बंडी स्वतःच्या साडीवर चढवली आणि पिल्लापुढं जाऊन बसली. काळं धावत आलं. मांडीवर चढलं, बंडी हुंगली, मग तिचा हात हुंगला आणि उतरून सरळ खोक्यात गेलं. सिद्धेश्वरीला चोरी पकडल्यासारखं झालं. तिनं बंडी काढून खुंटीवर टाकली आणि पिल्लाला चांगल्या दोन शिव्या घातल्या.

त्याच आठवड्यात ती भाकरी थापत असताना बाहेरून आवाज आला.

"बा बंगारा, बा. भूक लागली व्हय माझ्या बंगाराला?"

घरात निम्मं मराठी, निम्मं कन्नड चालायचं. बा म्हणजे ये, बंगारा म्हणजे सोनं. सिद्धेश्वरी दारात आली. चनबसप्पा जमिनीवर बसला होता, काळं त्याच्या गळ्यापाशी तोंड खुपसून घुरघुरत होतं आणि तो त्याच्या कानात बोलत होता. इतका लाडाचा आवाज या माणसाच्या घशात आहे हेच तिला माहीत नव्हतं. लग्न होऊन एवढा संसार झाला. दोन बाळंतपणं झाली. बंगारा राहू दे, कधी नुसतं 'सिद्धी' म्हणून हाक आली नाही. "ऐकलं का" यावर सगळं भागवलं. आणि हे काळंकुट्ट, दीड वितीचं, उष्ट्या तोंडाचं, ते म्हणे बंगारा!

तव्यावरची भाकरी करपली. इतके दिवस तिला वाटत होतं, आपण पिल्लासाठी नवऱ्यावर जळतोय. तसं नव्हतंच. ती नवऱ्यासाठी पिल्लावर जळत होती.

पिवळ्या दोघांपैकी एकाला घर मिळालं. दुसऱ्याला बघायला जुळे सोलापूर भागातली सोनम नावाची शिक्षिका आली. चनबसप्पा दुकानात होता.

"पिवळं कशाला?" सिद्धेश्वरी म्हणाली. "काळं न्या. लई गुणी हाय."

आणि तिनंच ते धरून पिशवीत घातलं. पिल्लानं तिला बोचकारलं. तिला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं.

दुपारी चप्पल वाजली. कुणी ओरडलं नाही. चनबसप्पानं खोक्यात पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं.

"काळं कुटं हाय?"

"दिलं."

तो भांडला असता तर सिद्धेश्वरी तयार होती, सगळी उत्तरं तिनं सकाळपासून घोळवून ठेवली होती. तो भांडला नाही. अंगातली बंडी काढून त्यानं घडी घातली.

"ही तरी द्यायची संगट. वासाबिगर निजत न्हाई ते."

"मांजरच की ते! स्वतःच्या पोरांना कधी उचललं न्हाई तुमी, आन..."

"आप्पांच्या म्होरं कसं उचलू?" तो घडीकडे बघत म्हणाला. "बापाच्या म्होरं आपलं पोरगं मांडीवर घ्यायचं न्हाई, बायकूशी हसून बोलायचं न्हाई. आप्पा बाहेरच्या खोलीत बसायचे. त्यांच्या म्होरूनच यावं-जावं लागायचं. पोरं मोठी झाली, गेली. मग आप्पा बी गेले. आता कुणी बघाय न्हाई, तर हात मोकळा सुटला."

रीत तिलाही माहीत होती. नवी नवरी असताना सासूनं सांगितली होती. पण तिला वाटलं होतं, रीत हे निमित्त, या माणसाला मुळात हौसच नाही. तिच्या हातावर बोचकारा झोंबायला लागला.

पुढं चनबसप्पाला दुकानातून यायला उशीर होऊ लागला. त्याच्या पँटवर काळे केस दिसू लागले आणि घडी घातलेली बंडी काही घरात दिसेना. सिद्धेश्वरीनं दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी केस चिमटीत धरून त्याच्यापुढं केला.

"रोज जातायसा?"

तो चोरासारखा पँट झटकायला लागला.

"एकटेच जातायसा. मला बी न्या की."

स्कूटरवरून दोघं जुळे सोलापूरला गेली. सोनम दारातच बसली होती. काळं तिच्या मांडीवर पोट वर करून पसरलेलं, बंडी बाजूला पडलेली.

"बा बंगारा," चनबसप्पा म्हणाला.

काळ्यानं एक डोळा उघडला, दोघांना पाहिलं आणि सोनमच्या पदरात तोंड घातलं. त्यानं पुन्हा हाक मारली, सिद्धेश्वरीनंही मारली. ढुंकून बघितलं नाही. सोनमनं चहा केला, तो दोघांना कडू लागला.

दोघं परतीच्या वाटेला लागली.

"बघितलंस?" चनबसप्पा म्हणाला. "एवढं पाजलं, आन बाईच्या पदरात!"

"आन काय हसत हुती ती," सिद्धेश्वरी म्हणाली. "जसं काय तिनंच कापसानं पुसलंय त्याला."

"चहात साखर बी न्हवती."

"व्हती कुटं!"

सात रस्त्याला सिग्नल लागला. आजूबाजूला रिक्षा, गाड्या, ओळखीचे दुकानदार. ती मागं सरकून बसली होती. चनबसप्पानं मान वळवली आणि चारचौघांत, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला,

"नीट धरून बस, बंगारा."

शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला. सिद्धेश्वरीनं घाईघाईनं पदर सावरला. सारा जन्म हा शब्द हवा होता, आणि आता तो आला तर तिच्या तोंडून निघालं, "अवो, हळू की! लोकं बघलालेत."

"बघू दे," तो म्हणाला.

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सिग्नल सुटला.